आवाज ठेवायचा कुठं

बेळगावजवळच्या काकती गावच्या नागेंद्रला कुणी काही विचारलं की त्याचं पहिलं उत्तर ठरलेलं: ‘बघू.’ घरावर स्लॅब टाकायचा विषय निघाला, तेव्हा तो ‘बघू’ म्हणाला, आणि गल्लीतली सगळी घरं स्लॅबची होऊन गेली तरी ह्यांच्या घरावर कौलंच राहिली. बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑफिसात तो हेडक्लार्क होता. तिथं ह्या स्वभावाचं कौतुकच होत असावं, कारण त्याच्या टेबलावरून घाईघाईनं सुटलेली फाइल आजवर कुणी बघितली नव्हती. माणूस मात्र वाईट नव्हता. उलट नको इतका चांगला होता. आपल्या हातून काही चुकू नये ह्या धास्तीनंच त्याचा हात पुढं होत नसे.

तर त्या उन्हाळ्यात घरातल्या कॉम्प्युटरमधून टक् टक् असा आवाज यायला लागला. दुसऱ्या कुणी तिकडं लक्ष दिलं नसतं. नागेंद्रच्या मात्र तोंडचं पाणी पळालं, कारण त्या कॉम्प्युटरमध्ये आप्पांचा आवाज होता.

आप्पा म्हणजे त्याचे वडील, भरमा. शेती करून राहिलेल्या वेळात ते कुस्त्यांच्या मैदानात निवेदन करायचे. नंतर नंतर तर निवेदनातून राहिलेल्या वेळात शेती करायचे. काकतीपासून निपाणीपर्यंत जत्रेचं मैदान ठरलं की पंच कमिटी आधी भरमा निवेदकाची तारीख विचारायची आणि मग पैलवानांची. माईक हातात आला की हा वाळकासा माणूस सगळं मैदान मुठीत धरायचा. खालच्या पैलवानानं मानेवर तोल सावरून धरलेला असायचा, वरचा दाबत असायचा, लोक पाठ टेकली, कुस्ती झाली म्हणून टाळ्यांना हात उचलायचे आणि तेवढ्यात आप्पांची आरोळी उठायची: ‘थांबाऽ मंडळी! अजून पाठीला माती न्हाय!’ हलगीवाल्याचा हात तसाच वर राहायचा. हरत आलेले कितीतरी गडी ह्या एका आरोळीवर उलटून वर आल्याचं लोक अजून सांगतात.

मग आप्पांना लकवा मारला. उजवा हात गेला, ते उजवा पाय ओढत चालू लागले आणि बोलणं साफ बंद झालं. कळायचं सगळं. तोंडातून फक्त ‘आ’ आणि ‘ब’ असं काहीतरी निघायचं आणि आपलं आपल्यालाच ते ऐकवेना झालं की ते लहान पोरासारखे रडायचे. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा नागेंद्रनं आयुष्यात एक काम ‘बघू’ न म्हणता केलं. मैदानांच्या जुन्या कॅसेटी, लोकांनी काढलेली शूटिंगं, गावोगाव हिंडून मिळेल ते गोळा केलं आणि सगळं कॉम्प्युटरमध्ये भरून घेतलं. रोज संध्याकाळी तो एक मैदान लावायचा. आप्पा पलंगावर ताठ बसायचे, डावा हात हवेत फिरवत राहायचे, आणि ती आरोळी येणार असली की आधीच हात वर करून घरातल्यांना गप्प करायचे. ऐकून झालं की आपल्या हातानं भाकरी मोडून जेवायचे. ज्या दिवशी लाईट नसायची, त्या दिवशी जेवायचे नाहीत. इतकं सरळ होतं ते.

म्हणून टक् टक् ऐकल्याबरोबर नागेंद्रनं बेळगाव गाठलं. खडेबाजारात तेजस्वी नावाच्या मुलीचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, तिथं तो धावला.

‘डिस्क जायला लागलीया सर,’ ती ऐकूनच म्हणाली. ‘आता चालू करू नका उगाच. नवीन घेऊन सगळं उतरवून काढू या. काय घालू सांगा.’

आणि इथंच घोडं अडलं. काय घालायचं, हे नागेंद्रनं सांगायचं होतं. तेजस्वीनं सगळं समोर मांडलं. एसएसडी, म्हणजे चिपवाली डिस्क, घातली तर कॉम्प्युटर पळणार, पण मोठी घ्यायची तर खिशाला झेपायची नाही. साधी मोठी हार्ड डिस्क घातली तर सगळी मैदानं मावणार, पण ती फिरती वस्तू, आज ना उद्या थकणार. एकसारख्या दोन डिस्का आत बसवल्या, तर एकीत लिहिलेलं दुसरीत आपोआप उमटणार आणि एक मेली तरी दुसरी हातात राहणार. नाहीतर बाहेरची डिस्क. नाहीतर इंटरनेटवर ठेवायचं.

‘बघू,’ नागेंद्र म्हणाला.

मग त्यानं कॉलेजात विचारलं. लॅबच्या सरांनी दोन डिस्का आत बसवायला सांगितलं. लायब्ररीतल्या मॅडमचे यजमान ह्यातले जाणकार होते, त्यांनी ते अजिबात करू नका म्हणून सांगितलं. शिपाई मष्णूनं पेनड्राइव्हवर घालून देव्हाऱ्यात ठेवायला सांगितलं. रोज घरी येऊन नागेंद्र मोबाइलवर ह्याच विषयाचे व्हिडिओ बघत बसायचा. बघेल तितका गोंधळ वाढायचा. इकडं कॉम्प्युटर बंद, आवाज बंद, आणि आप्पा ताटावरून उठून जायला लागले.

‘आरं, काय त्ये एकदा ठरीव की!’ त्याची आई जयाबाई एक दिवस कातावली. ‘चार गावच्या पोरी बघितल्यागत करायलास. त्येंच्या पोटात अन्न न्हाय.’

दुसऱ्या दिवशी नागेंद्र रडवेला होऊन पुन्हा दुकानात गेला. ‘तुम्हीच सांगा,’ म्हणाला.

‘सोपं हाय की ओ सर. एकाच घरात दोन ठेवल्या तर ती एकच धरायची. चोर आला तर दोन्ही नेणार, पाणी शिरलं तर दोन्हींत शिरणार. एक तुमच्या घरी, एक दुसऱ्याच्या घरी, आणि तिसरी इंटरनेटवर. तीन ठिकाणी असलं की झोप लागते.’

हे मात्र नागेंद्रला पटलं. दुसरं घर होतंच. धाकटा भाऊ साईराज बँकेत होता आणि टिळकवाडीत फ्लॅट घेऊन राहत होता. मग ठरलं: कॉम्प्युटर चालू होण्यापुरती लहान एसएसडी, मैदानांसाठी आत एक मोठी डिस्क, आणि त्याचीच नक्कल असलेली हातात मावेल अशी बाहेरची डिस्क, ती साईराजच्या कपाटात. तेजस्वीनं जुनीतून सगळं उतरवलं. शेवटचं मैदान उतरलं आणि जुन्या डिस्कनं मान टाकली. नागेंद्रनं हात जोडले. घरातल्या कॅसेटींना तोवर बुरशी धरली होती, त्या जयाबाईनं मेलेल्या डिस्कसकट भंगारात घातल्या. आता कशाला लागतात, कॉम्प्युटरात आलंय की सगळं.

राहिली तिसरी जागा. इंटरनेटवर मैदानं चढवायला नागेंद्रनं सुरुवात केली. पण काकतीतलं इंटरनेट ते. अर्धं चढायचं, तुटायचं आणि पहिल्यापासून सुरू व्हायचं; एकही मैदान पुरतं चढलं नाही. कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून करता आलं असतं. पण सरकारी नाही तरी ऑफिसचं इंटरनेट, त्यावर घरचं काम कसं करायचं, ह्या विचारात तो अडकला. ‘दसरा होऊ दे, बघू,’ असं त्यानं स्वतःलाच सांगितलं. दोन घरांत दोन डिस्का होत्या. एवढं तर कुणीच करत नाही.

आणि खरंच, सगळं ठीक होतं. आप्पा पुन्हा जेवायला लागले होते. पावसाळा निघून गेला.

मग खंडेनवमी आली. ह्या घरात भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, पण खंडेनवमीची पूजा एकच. सगळ्यांची हत्यारं काकतीच्या घरी, घटासमोर, एका घोंगडीवर मांडायची. विळे, खुरपी, कुऱ्हाड, कुळवाची फास, नागेंद्रचा पेन, साईराजचा लॅपटॉप, फवारणीचा पेट्रोलवरचा पंप, शिलाईच्या कात्र्या, सगळं. ज्याच्यावर घर चालतं ते सगळं हत्यार. आणि एकदा मांडलं की दसऱ्याला परत पूजा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही.

साईराज बायकोला, रचनाला, घेऊन सकाळीच आला. रचनानं पिशवीतून लॅपटॉप काढला, कात्री काढली आणि शेवटी ती बाहेरची डिस्क काढली.

‘आप्पांचा आवाज हाय ह्यात,’ ती म्हणाली. ‘आप्पांचं हत्यार ह्येच की. पहिली पूजा ह्याचीच व्हायला पाहिजे.’

किती मनापासून बोलली ती! त्या घरात आप्पांचा आवाज हे हत्यार आहे असं आजवर कुणाला सुचलं नव्हतं, स्वतः आप्पांनासुद्धा. ते पलंगावरून बघत होते. त्यांचे डोळे भरून आले. मग चेहरा एकदम उजळला आणि त्यांनी डावा हात आतल्या खोलीकडं केला, कॉम्प्युटरकडं. मग घोंगडीकडं. मग दोन बोटं दाखवली.

‘त्यातली पण काढ म्हणत्यात,’ जयाबाई म्हणाली. ‘दोन्ही ठेव म्हणत्यात जोडीनं.’

नागेंद्र घोंगडीपाशी आला. दोन्ही एका घरात ठेवायच्या नाहीत म्हणून तर एवढा खटाटोप केला होता. ‘आई, दोन्ही एका जागी नको,’ तो म्हणाला. ‘दुकानातल्या बाईनं मुद्दाम सांगितलंय.’

‘आरं देवापुढं ठेवायचं हाय, बाजारात न्हवं. देवापुढं ठेवलेल्याला काय हुतंय?’

‘एका दिवसानं काय होणार हाय अण्णा?’ साईराज म्हणाला. ‘उद्या संध्याकाळी मी घेऊन जातो की परत.’

नागेंद्रनं आप्पांकडं बघितलं. लकवा मारल्यापासून त्यांनी कशासाठी हट्ट धरला नव्हता. आज धरला होता, तोही हसत. कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं? आजवर प्रत्येक गोष्टीला ‘बघू’ म्हणणारा हा माणूस त्या एका वेळी ‘बघू’ म्हणाला असता तर! पण नेमकं तेव्हाच त्याला नाही म्हणवेना आणि पुढं ढकलवेना. त्यानं स्क्रू काढले, डिस्क बाहेर काढली आणि दुसरीच्या शेजारी घोंगडीवर ठेवली. आप्पांनी डाव्या हातानं दोन्हींवर हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं एकेक फूल ठेवलं. कुंकू सांडलं थोडं, पण कुणी बोललं नाही. बरं दिसत होतं ते.

दुपार कलल्यावर सगळे देवीला गेले. आप्पांनाही साईराजनं गाडीत घालून नेलं. घराला कुलूप होतं. घटापुढची समई तेवत होती, कारण नऊ दिवस ती विझवायची नसते.

देवळातून परतताना गल्लीच्या तोंडाशीच कुणीतरी धावत आलं. कौलातून धूर निघत होता.

समईतली वात उंदरानं पळवली असणार, असं मागाहून सगळ्यांनी ठरवलं. जळती वात घोंगडीवर पडली, घोंगडी धुमसली, आणि पंपात राहिलेल्या पेट्रोलपर्यंत आग पोचली. शेजाऱ्यांनी कुलूप तोडलं, घागरींवर घागरी ओतल्या. सोप्याचा, म्हणजे बाहेरच्या खोलीचा, तो एक कोपरा काळाठिक्कर पडला, वरचे दोन वासे जळाले, पण घर वाचलं. माणूस दगावलं नाही, जनावर दगावलं नाही. ‘थोडक्यात निभावलं बघा,’ जो तो म्हणत होता. ‘देवीनं राखलं.’ जयाबाईनं रडत रडत सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. आप्पांनी डावा हात कपाळाला लावला.

लोक नागेंद्रच्या पाठीवर थाप मारून जात होते आणि तो मान हलवत होता. कोपऱ्यातल्या चिखलात विळे होते, खुरपी होती, कुऱ्हाडीचा दांडा जळाला होता पण पातं शाबूत होतं. लोखंडाला काय होतंय? त्या राखेतून त्यानं दोन काळ्या डब्या उचलल्या. एक हातात घेतल्याबरोबर आतून वाजली, काचा भरल्यागत.

आई-आप्पांना त्यानं खरं सांगितलं नाही, ‘दुकानात नीट करून आणतो,’ एवढंच म्हणाला. भावाला सांगायची गरज पडली नाही. साईराजनं डब्या बघितल्या आणि भिंतीला टेकून खालीच बसला. रचना तर त्या दिवसापासून नागेंद्रच्या समोर यायचंच टाळायला लागली. तिचा काय दोष होता? पण दोष नाही म्हणून सांगायला गेलं तर मग कुणाचा, हा प्रश्न उभा राहणार होता आणि तो कुणालाच नको होता.

दसऱ्याच्या सकाळी तेजस्वीच्या दुकानात पूजा होती. नागेंद्र दारात उभा राहिला, तर तिनं हसून पेढा पुढं केला. मग तिला त्याच्या हातातली पिशवी दिसली. लहान डबी तिनं उघडली. आतली चकती काचेची होती, तिचा चुरा झाला होता. मोठीचं झाकण वाकून बसलं होतं, ते ती बराच वेळ काढत होती. आतल्या चकत्या काळ्या पडून एकमेकींना चिकटल्या होत्या.

‘बेंगळूरला पाठवू या का?’ नागेंद्रनं विचारलं.

‘पाठवू या की सर. पाठवते मी. पण तुम्हाला खोटं सांगून परत पाठवणार न्हाय. ह्यातनं काय निघणार न्हाय ओ.’ तिनं झाकण खाली ठेवलं. ‘तिसरी केलती न्हवं? इंटरनेटवर?’

नागेंद्रनं पेढा तसाच हातात धरला होता. त्यावरूनच तिला कळलं आणि तिनं पुढं काही विचारलं नाही. विचारलं असतं, चार शब्द सुनावले असते, तर त्याला बरं वाटलं असतं.

घरी येईपर्यंत त्यानं ओळखीच्या सगळ्या पैलवानांना मोबाइलवर निरोप टाकले: कुणाकडं आप्पांचं काही असेल तर पाठवा. उत्तरं भराभर आली. मैदानांचे फोटो आले, फेटा बांधलेल्या आप्पांचे फोटो आले, नमस्काराचे हात आले. जे काही होतं, ते सगळ्यांनी त्यालाच दिलं होतं. स्वतःकडं ठेवायचं कशाला, नागेंद्र अण्णांकडं आहे की कॉम्प्युटरात. एकानं एक शूटिंग पाठवलं, त्यात हलगी वाजत होती आणि हलगीच्या मागं कुणीतरी काहीतरी बोलत होतं, पण आवाज ओळखू येत नव्हता.

संध्याकाळी सोनं वाटायला पैलवान आले. दर दसऱ्याला यायचे. आप्पांच्या हातात आपट्याचं पान ठेवायचं, पाया पडायचं आणि सोप्यात बसून एक मैदान ऐकायचं, अशी पद्धतच पडून गेली होती. जळका कोपरा कुणीतरी ताडपत्रीनं झाकला. आदर्शही आला होता. तो आता ह्या भागातला निवेदक. आप्पांच्या मागं माईकची वायर धरून उभा राहता राहता शिकलेला.

आप्पांनी सगळ्यांना बसायची खूण केली. मग नागेंद्रकडं बघून आतल्या खोलीकडं हात केला. लाव.

नागेंद्र उठला नाही. आप्पांनी पुन्हा हात केला.

‘आप्पा,’ तो म्हणाला. ‘कालच्या जाळात दोन्ही डिस्का गेल्या. पूजेला ठेवलेल्या. आवाज राहिला न्हाय आता. कुठंच न्हाय.’

आप्पा त्याच्याकडं बघत राहिले. रडले नाहीत. रडतील म्हणून जयाबाई सरकून जवळ बसली होती, पण ते रडले नाहीत. नागेंद्रला ते जास्त जड गेलं. पाठोपाठ जयाबाईचाच हुंदका फुटला. ‘मीच म्हटलं की रं, देवापुढं काय हुतंय म्हणून,’ ती म्हणाली, आणि तिला थांबवायलाही कुणी पुढं झालं नाही.

तो हुंदका ऐकवेना म्हणून आदर्श उठून उभा राहिला. ‘आप्पा, आवाज असा जातुय व्हय?’ तो म्हणाला. ‘आमच्या कानात हाय की सगळा.’ आणि त्यानं छाती भरून घेतली, हात वर केला आणि आरोळी ठोकली: ‘थांबाऽ मंडळी! अजून पाठीला माती न्हाय!’

सोपा घुमला. ‘व्वा! हुबेहूब!’ चारसहा जण एकदम म्हणाले. कुणी टाळी वाजवली.

आप्पांनी डाव्या हाताची थाप पलंगावर मारली. मान हलवली. नाही.

आदर्श गोंधळला. त्यानं आणखी ओढून म्हटलं. आप्पांनी पुन्हा मान हलवली. त्यानं ‘अजून’वर जोर दिला. नाही. ‘माती’वर थांबला. नाही, नाही. आप्पांचा हात हवेत वर जात होता, कुठंतरी थांबत होता, खाली येत होता. ते काहीतरी दाखवत होते, पण काय ते कळत नव्हतं. मग बसलेल्यांत वाद सुरू झाला. एक म्हणाला, ‘थांबा’नंतर ते दम घ्यायचे. दुसरा म्हणाला, छे, एका दमात म्हणायचे. तिसरा म्हणाला, शेवटी आवाज खाली पडायचा. ‘नागेंद्र अण्णा, तुम्ही रोज ऐकत हुता की,’ कुणीतरी म्हणालं. ‘तुम्ही सांगा.’

नागेंद्रनं आठवायचा प्रयत्न केला. डोळे मिटले. मैदान दिसलं, फेटा दिसला, वर उचललेला डावा हात दिसला. आवाज येईना. रोज ऐकत होता, वर्षानुवर्षं ऐकत होता, आणि कॉम्प्युटरात आहे म्हणून त्यानं तो कानात कधी ठेवलाच नव्हता. आदर्श म्हणत होता ते त्याला बरोबरच वाटत होतं, प्रत्येक वेळी बरोबर वाटत होतं, आणि आप्पा प्रत्येक वेळी मान हलवत होते.

‘मला सांगता येईना,’ तो म्हणाला.

आदर्श घामानं भिजला होता. तो आप्पांच्या पलंगापाशी गुडघ्यावर बसला आणि अगदी काकुळतीनं म्हणाला, ‘मग कसं आप्पा? तुम्हीच सांगा की.’

सगळे आप्पांकडं बघायला लागले आणि आप्पांनी तोंड उघडलं.